जपानमधील व्यवसाय-व्हिसाचे नूतनीकरण : आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी या चुका टाळा

जपानमध्ये ‘केइएइ-कान्री’, म्हणजेच व्यवसाय व्यवस्थापनाच्या व्हिसावर राहणाऱ्या उद्योजकाला मुदत संपण्याच्या ३ महिने आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो आणि अनेक जण कंपनीचे हिशेब त्याच सुमारास बारकाईने पाहू लागतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अर्जासोबत जाणारा ताळेबंद आधीच संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो आणि त्यात तेव्हा काहीही सुधारता येत नाही. म्हणून ही तपासणी वर्षअखेरीच्या तीन-चार महिने आधी, करसल्लागारासमोर बसून व्हायला हवी.

तपासणीत केवळ नफा-तोट्याकडे पाहणे पुरेसे नाही. एका वर्षाच्या तोट्यामुळे व्हिसा नाकारला जातोच असे नाही. कंपनीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त झाली आहेत का, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. ही स्थिती प्रथमच आली असेल, तर ती वर्षभरात सुधारण्याची शक्यता कितपत आहे, याविषयी लघुउद्योग सल्लागार किंवा सनदी लेखापाल यांचे लेखी मूल्यमापन मागितले जाते. मात्र सलग २ वर्षअखेरीस ती कायम राहिली किंवा सलग २ वर्षे ढोबळ नफाच झाला नाही, तर नवोद्योगांसारखे अपवाद वगळता व्यवसाय टिकाऊ नाही असेच धरले जाते.

येथे छोट्या कंपन्यांचे मालक एका गोष्टीत हमखास फसतात. अडचणीच्या महिन्यांत ते स्वतःच्या खिशातून कंपनीत पैसे घालतात आणि आपण कंपनी सावरली असे समजतात. ताळेबंदात मात्र ती रक्कम संचालकाचे कर्ज, म्हणजे कंपनीचे देणेच ठरते. वर्ष संपण्याआधी या कर्जाचे भागभांडवलात रूपांतर करणे हा एक मार्ग आहे. कर्ज माफ करणे हा दुसरा. पण माफ केलेली रक्कम कंपनीचे उत्पन्न मानली जात असल्यामुळे करसल्लागाराला विचारल्याशिवाय तो स्वीकारू नये. तोटा कमी दाखवण्यासाठी संचालकाचे वेतन वर्षाच्या मध्येच घटवणेही योग्य नाही, कारण असा बदल साधारणपणे वर्षाच्या पहिल्या ३ महिन्यांतच करावा लागतो. शिवाय वेतन फार कमी असेल, तर कुटुंबाचा खर्च कसा चालतो हा प्रश्न उभा राहतो.

कर आणि विमा यांबाबतची ढिलाई तितकीच घातक आहे. एकच सवेतन संचालक असलेल्या कंपनीलाही आरोग्य विमा आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सामील व्हावेच लागते, आणि तोट्यातील कंपनीलाही दरवर्षी किमान सुमारे ७०,००० येन स्थानिक कर भरावा लागतो.

१६ ऑक्टोबर २०२५ पासून भांडवलाची अट ५० लाख येनवरून ३ कोटी येनवर गेली असून किमान एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवणे आवश्यक झाले आहे. आधीपासून हा व्हिसा असणाऱ्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवलतीचा काळ आहे, परंतु तोवर स्वस्थ बसता येईल हा समज चुकीचा आहे. या काळातील नूतनीकरणातही नव्या अटींच्या दिशेने वाटचाल होईल का, हे पाहिले जाते. भारतीय उपाहारगृहे चालवणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे की भारतातून कुशल कामगार व्हिसावर आणलेला आचारी या कर्मचाऱ्याच्या मोजणीत धरला जात नाही. त्यासाठी जपानी नागरिक, कायम रहिवासी किंवा तत्सम दर्जाची व्यक्तीच लागते. वाढीव भांडवल पुण्या-मुंबईतील कुटुंबाकडून येणार असेल, तर भारतातील निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम परदेशी पाठवता येते, ही मर्यादा ध्यानात घेऊन बँकेची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत.

सबळ कारणाशिवाय दीर्घकाळ जपानबाहेर राहून फोनवरून कारभार चालवणे किंवा सगळे काम बाहेरच्यांकडे सोपवणे, यामुळे अर्जदार खरोखर व्यवस्थापन करतो का, याविषयी शंका निर्माण होते. कंपनीचा पत्ता किंवा नाव बदलल्यास १४ दिवसांत इमिग्रेशन विभागाला कळवावे.

मुदतीच्या आत अर्ज केलेला असल्यास मुदत संपल्यानंतरही निर्णयासाठी जास्तीत जास्त २ महिने जपानमध्ये राहता येते. मात्र अपुरी कागदपत्रे पूर्ण करण्यासाठी त्या दिवसांवर विसंबू नये. तोट्याचे कारण, त्यावर केलेली उपाययोजना आणि पुढील वर्षाचा अंदाज मांडणारे निवेदन मूळ अर्जासोबतच द्यावे.