सप्टेंबरच्या एल्कसाठी नवं रान बघायला जाताना (आणि त्या पिशव्या!!)

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं आहे, एल्क म्हणजे तिथलं दांडगं हरीण, धनुष्यबाणाचा सीझन, २ ते ३० सप्टेंबर, रीतसर टॅग (म्हणजे एक जनावर मारायचा परवाना) काढून. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच, त्यामुळे तो वाद इथे नको. गेल्या वर्षी मी आणि मित्र तिथल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत गेलो, रान दोघांनाही नवं, आणि मी जो घोळ घातला तो यंदा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घालू नये म्हणून हे लिहितोय.

पिशव्या. मांस भरायच्या कापडी पिशव्या. सहा. हे वर लिहिलं, आता बाकीचं.

कागदं म्हणजे हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं कार्ड (१९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना लागतं, म्हणजे तुम्हाला लागतंच), टॅग, आणि टॅगवर सही करायला पेन. आपल्या युनिटचे (शिकारीसाठी आखलेल्या विभागाचे) नियम नीट वाचा, बऱ्याच युनिटमध्ये नराच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंची हवं, आणि झाडीत उभ्या असलेल्या जनावराची टोकं मोजता येत नसतील तर बाण सोडायचा नाही, संपलं. बूट, तंबू, रेनकोट, हेडलॅम्प, पाण्याचा फिल्टर याबद्दल मी काही बोलत नाही. मॅप घरूनच डाउनलोड करा. ड्रोनने बघू म्हणणारे एकदोघं भेटतातच, त्यांनी आधी नियम वाचावेत.

रान बघायला ऑगस्टमध्ये एक वीकेंड तरी काढा. मॅपवर आधी उत्तरेकडे तोंड असलेले उतार शोधा, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला ऊन तापतं आणि एल्क दिवसभर तिथल्या दाट सावलीत बसून असतो. सह्याद्रीत फिरलेल्यांना सांगायचं तर अशा उतारावरचे पदर बघा, म्हणजे मध्येच जमीन जराशी सपाट होते ते, आणि त्याच्या जवळपास पाणी आणि एखादं छोटं कुरण. मग पहाटे समोरच्या धारेवर बसून लांबूनच दुर्बीण लावा. आत घुसू नका. आम्ही पहिल्याच दिवशी उत्साहात थेट एल्कच्या झोपायच्या जागेत शिरलो, खाली ताज्या लेंड्या, हिरवट आणि मऊ, खोडांवर शिंगं घासून साल उतरलेली, चिखलाच्या खड्ड्यात नर लोळून गेल्याचा तो उग्र वास, सगळं होतं, फक्त एल्क नव्हता, कारण आमचाच वास त्याला आधी गेला. सकाळी ऊन यायच्या आधी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी परत खाली, आणि ढग आले की कशाचा कशाला मेळ नाही. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी उडवून वारा कुठे वाहतोय ते बघा. दुसऱ्या दिवशी ठरवून ठेवलेल्या कुरणात मेंढ्यांचा हजारभराचा कळप आणि राखणीची पांढरी दांडगी कुत्री, तिथला एल्क केव्हाच उठून गेलेला. म्हणून एकाच जागेच्या प्रेमात पडू नका, तीन तरी जागा हेरून ठेवा, ट्रेलच्या तोंडाशी किती ट्रक उभे आहेत तेही बघा.

आता खरा मुद्दा, आणि हा कोणी सांगत नाही. रान बघताना एल्क कुठे आहे एवढंच बघू नका, तो पडला तर बाहेर कसा काढणार ते बघा. मोठ्या नराचं निव्वळ मांस शंभरेक किलो निघतं, हाडासकट मागची एक तंगडी पंचवीस-तीस किलोची. दोघांना प्रत्येकी दोन खेपा, बहुतेक वेळा तीन. आणि फ्लॅट टॉप्समध्ये १९४० च्या दशकात किड्याने स्प्रूसच्या झाडांची जंगलंच्या जंगलं मारली, त्यातली वाळलेली खोडं अजून उभी आहेत, आडवी तर विचारूच नका. मॅपवरचा एक किलोमीटर पाठीवर ओझं घेऊन ओंडके ओलांडत दीड तासाचा होतो. (वाळक्या झाडाखाली तंबूही ठोकू नका, वाऱ्यात पडतात.) तेव्हा चालत जाऊन बघा, वाट कुठून निघते, सावलीतला ओढा कुठे आहे, तंगड्या टांगायला जाड फांदी कुठे आहे, आणि मॅपवर खुणा करा.

आमचा नर सकाळी साडेसातला, ट्रकपासून सहा किलोमीटर आत. मित्राने बाण मारला, आम्ही तासभर गप्प बसलो, मग रक्ताच्या मागावर गेलो, नऊच्या सुमाराला सापडला. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं. कातडं काढायला घेतलं, पहिली तंगडी मोकळी झाली, मित्र म्हणाला, पिशवी दे. मी सॅक उघडली. सॅक सगळी उपसली. सॅटेलाइट मेसेंजरवरून बायकोला विचारलं, पिशव्या घरी दिसतायत का, वीस मिनिटांनी उत्तर, "ड्रायरमध्ये आहेत. घडी करून ठेवू का?"

माश्या कुठून येतात देव जाणे, पण दहा मिनिटांत निळ्या-हिरव्या घोंघावायला लागल्या आणि बसली की अंडी. आम्ही अंगातले टीशर्ट काढले, स्लीपिंग बॅगचं अस्तर फाडलं, एक तंगडी माझ्या थर्मल पँटमध्ये घातली, हसू नका. मानेचं मांस आणि एक पुढची तंगडी ठेवायला कापडच उरलं नाही म्हणून मी ती कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत भरली, आणि ही दुसरी चूक, कारण मांसातली ऊब बाहेर जायला जागाच नाही, त्यात दुपारचं पंचविसाच्या आसपासचं तापमान. संध्याकाळी पिशवी उघडली तर वासानेच मान फिरवावी लागली. त्या जनावराचं एवढं मांस माझ्या विसराळूपणामुळे फुकट गेलं, आणि खाण्याजोगं मांस रानात नासू देणं हा इथे गुन्हाही आहे.

तर पिशव्या. कापडी, हवा खेळती राहील अशा, चार तंगड्यांना चार आणि पाठीच्या-मानेच्या सुट्या मांसाला दोन. महागाच्या नको असतील तर उशीचे जुने सुती अभ्रे घ्या, मस्त चालतात, आईने पाठवलेले फुलाफुलांचे असले तरी चालतात. धुतल्यावर ताबडतोब सॅकमध्ये, "नंतर भरतो" नाही. दोघं असाल तर निम्म्या निम्म्या वाटून घ्या म्हणजे एकाने माती खाल्ली तरी दुसऱ्याच्या तीन असतात. रान बघायला जातानासुद्धा बरोबर ठेवा, सवय लागते. लिंबूसत्व पाण्यात कालवून मांसावर मारलं तर माश्या कमी बसतात, पण ते पिशवीच्या जागी नाही, पिशवीबरोबर.

पुढचं भराभर, आता कंटाळा आला. कातडं लगेच काढा, मागच्या तंगडीत हाडाच्या सांध्याजवळ ऊब अडकते आणि मांस आतून आंबतं. नर असल्याचा पुरावा मांसाला चिकटलेलाच ठेवा, वाटेत तपासतात. टॅग जनावराला बांधा. खेपांच्या मध्ये मांस सावलीत उंच टांगा, अस्वलं आहेत. सुऱ्या दोन. दोरी भरपूर. आइसबॉक्स ट्रकमध्ये, बर्फ परतीच्या वाटेवर पहिल्या गावात. पिशव्या मी आत्ताच सॅकच्या तळाशी घातल्यात, मोजून सहा, आणि ड्रायरही उघडून बघितला.