लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर चित्र बिघडते, तेव्हा या चुका टाळा

तासगाव तालुक्यातील एका गावात द्राक्ष बागायतदारांची बैठक होती आणि फवारणीचे वेळापत्रक सभागृहातील मोठ्या टीव्हीवर दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. पडदाभर उघडलेल्या तक्त्याच्या डाव्या रकान्यात फळछाटणीनंतरचे दिवस लिहिलेले होते आणि टीव्हीवर नेमकी तीच कड कापली जात होती, त्यामुळे ३५ व्या दिवसाची फवारणी ५ व्या दिवसाची दिसू लागली. पहिल्या रांगेतल्या एका बागायतदारांनी हटकले म्हणून ते वेळीच लक्षात आले. मी लॅपटॉपचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील ठिपक्यांचे माप, तीन वेळा बदलले, मग एकाला तासगावला पाठवून नवी केबल आणवली, तरी कड कापलेलीच राहिली, कारण दोष लॅपटॉपात नव्हता आणि केबलमध्येही नव्हता.

केबलवर संशय घेणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. एचडीएमआय केबलमधून चित्र अंकांच्या रूपाने जाते. असे अंक नीट पोहोचले नाहीत तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळे होऊन परत येते किंवा 'नो सिग्नल' अशी पाटी दिसते. मात्र केबल जुनी झाली म्हणून चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत आणि रंगही फिके पडत नाहीत. म्हणून बिघाड कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे आणि नंतरच दुकानाची पायरी चढावी.

कडा कापल्या जाण्याचे कारण टीव्हीच्या इतिहासात आहे. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा एकसारख्या येत नसत, त्यामुळे चित्र किंचित मोठे करून कडा चौकटीआड लपवण्याची पद्धत पडली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला तिची गरज उरलेली नाही, तरीही अनेक टीव्ही ती चालू ठेवूनच कारखान्याबाहेर पडतात आणि प्रत्येक बाजूचा दोन-तीन टक्के भाग गिळतात. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, पण लॅपटॉपवर खालची कामाची पट्टी आणि वरचे बंद करायचे बटण नेमके त्याच भागात असते. उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये एलजीच्या टीव्हीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन' आणि सोनीमध्ये 'फुल पिक्सेल' हा पर्याय शोधावा. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र आक्रसून बसवण्याची सोय असते, परंतु तिने अक्षरे धूसर होतात, म्हणून टीव्हीत काहीच पर्याय नसेल तेव्हाच ती वापरावी.

अक्षरे धूसर दिसण्याचे आणखी एक कारण फार थोड्यांना ठाऊक असते. बऱ्याच लॅपटॉपांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो आणि टीव्ही १९२० बाय १०८० चा. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायला सांगितले की संगणक बहुधा दोघांना जमेल असे लहान माप निवडतो आणि टीव्ही ते ताणून दाखवतो. विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडले की टीव्हीला त्याचे खरे माप देता येते. माप बरोबर असूनही लाल किंवा निळी अक्षरे पसरट दिसत असतील, तर टीव्ही रंगाचा तपशील कमी करून दाखवत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये लॅपटॉप जोडलेल्या इनपुटचे, म्हणजे पोर्टाचे, नाव किंवा प्रकार 'पीसी' असा बदलल्यास अनेक टीव्हींवर फरक लगेच दिसतो. शार्पनेस वाढवणे हा मात्र उपाय नव्हे, कारण त्यामुळे अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते.

काळा रंग राखाडी दिसणे किंवा गडद भागातील सगळे काही एकाच काळोखात बुडणे, यासाठी लोक ब्राइटनेस वर-खाली करत बसतात. मूळ गोष्ट अशी की संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ या अंकांत मोजतो, तर टीव्हीची परंपरा १६ ते २३५ ची आहे. दोघांचे मोजमाप जुळले नाही की चित्र बिघडते. टीव्हीतील 'ब्लॅक लेव्हल' हे सेटिंग बदलून पाहावे.

फोर-के टीव्हीवर माउसचा बाण अडखळत सरकत असेल तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते ते, पाहावा. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून ३८४० बाय २१६० चे चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते आणि ६० वेळा जाण्यासाठी २०१३ ची २.० आवृत्ती लागते. टीव्हीचे पोर्ट सक्षम असूनही तशी सोय बंद असू शकते. सॅमसंगमध्ये तिचे नाव 'इनपुट सिग्नल प्लस' असे आहे. लॅपटॉपच जुना असेल तर १०८० वर समाधान मानावे, कारण वाचण्याच्या कामाला तेवढे पुरते.

चित्रच येत नसेल तर टीव्हीवर योग्य इनपुट निवडला आहे का ते आधी पाहावे. टाइप-सी पोर्टाच्या बाबतीत बरीच फसगत होते, कारण दिसायला सारखे असले तरी प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए या जुन्या पद्धतीची जोडणी करणारे अडॅप्टर उलट दिशेने चालत नाही, हेही खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे.

जोडताना हाताला झिणझिण्या आल्या तर मात्र काम तिथेच थांबवावे आणि बोर्डाची अर्थिंग तपासून घ्यावी, कारण दोन यंत्रांमधील विद्युत दाबाच्या फरकाने पोर्ट जळू शकते. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणे बरे.

चित्राच्या आकाराचे सेटिंग अनेक टीव्हींमध्ये पोर्टागणिक वेगळे साठवले जाते. एचडीएमआय १ वर केलेली दुरुस्ती २ वर केबल लावताच दिसेनाशी होते, म्हणून त्या सभागृहातील टीव्हीमागे आम्ही पोर्टाचा क्रमांक आणि सेटिंगचे नाव लिहिलेला कागद चिकटवला आहे.