उसाची तोड, काटा आणि बिल : कुठे काय तपासायचं

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि बारामती-इंदापूरचा कोरडा पट्टा उसाचा झाला. वालचंदनगरचा खासगी कारखाना आधी आला. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती हे सहकारी नंतरचे. मालक कोणीही असो, बिलाची रीत तीच: पैसे मिळतात वजनावर, आणि दर ठरतो संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यावर. तुमचा ऊस शेजाऱ्यापेक्षा गोड असला म्हणून तुमच्या बिलात वेगळा रुपया येत नाही. त्यामुळे स्वतःच्या हातात उरतं ते वजन जपणं.

सुरुवात नोंदीपासून करा. लागण झाली की कारखान्याच्या गटकार्यालयात गट नंबर, क्षेत्र, जात (को ८६०३२, फुले २६५ वगैरे), लागणीची तारीख आणि लागण की खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यातून फुटलेला ऊस) हे नोंदवून पावती घ्या. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवरून लागतो. आडसालीची (जुलै-ऑगस्टमधल्या लागणीची) जुलैची तारीख ऑगस्टची पडली तर पाळी तेवढी मागे जाते, आणि दुरुस्ती हंगामाच्या तोंडावर करायला गेलं की कोणी ऐकत नाही. शेतकी कर्मचारी क्षेत्र मोजायला येतो तेव्हा बांधावर हजर राहा.

पक्वता पाहायला हातातला ब्रिक्समीटर (रसाच्या थेंबावरून त्यातल्या विरघळलेल्या घटकांची टक्केवारी दाखवणारं उपकरण) पुरतो. आधी स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून आकडा शून्यावर आणा. मग बांधाकडचा ऊस सोडून फडाच्या आतले आठ-दहा ऊस निवडा. प्रत्येकाचा रस दोन ठिकाणचा घ्या: बुडख्याकडची तिसरी कांडी आणि शेंड्याकडची शेवटची पक्व कांडी. बुडख्याला २० च्या पुढे आणि शेंड्याचा आकडा त्याच्या जवळपास असेल तर ऊस तयार. बुडखा २१ आणि शेंडा १५ असेल तर अजून थांबायला हवं. एक सावधगिरी: ब्रिक्स म्हणजे रसातले सगळे विरघळलेले घटक, नुसती साखर नव्हे. तोडून दोन दिवस उन्हात पडलेल्या उसाचा ब्रिक्स चढलेला दिसतो, कारण पाणी उडालेलं असतं. तोडीआधी साधारण १०-१५ दिवस पाणी तोडावं. हलक्या जमिनीत थोडं कमी.

तोडीच्या दिवशी तोडणी मजुरांच्या टोळीजवळ थांबा. कोयता जमिनीलगत चालला पाहिजे. तळातल्या कांड्यांत सर्वांत जास्त साखर असते, आणि दोन-तीन इंच खुंट मागे राहिला की टनेज गेलं, शिवाय वरच्या डोळ्यांतून फुटलेला खोडवा कमजोर. शेंडा मात्र नीट छाटायचा. वाढ्यात (शेंड्याच्या हिरव्या भागात) साखर कमी आणि ग्लुकोज जास्त. पाचट (वाळलेली पानं) मोळीत राहू देऊ नका. यंत्राने तोड असेल तर पाचटापोटी वजनातून किती टक्के कपात होते ते आधीच विचारून ठेवा. टोळीने ‘खुशाली’ (मजुरीशिवायचे वरचे पैसे) मागितली तर ती द्यायलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही; गटकार्यालयात लेखी तक्रार द्या.

तोडल्यापासून २४ तासांत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस गाळपाला टाकतात तिथे) पडावा. उशीर झाला की वजन घटतंच, आणि आत वेगळीच गोष्ट सुरू होते: सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात, जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. असला रस चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन, सामू (पीएच) सातच्या आसपास ठेवूनही नीट निवळत नाही. रस आटवायच्या पॅनमध्ये साखरेचा दाणा लांबट येतो आणि साखर मळीत (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात) निघून जाते. जळालेला ऊस आणखी लवकर खराब होतो. फडाला आग लागली तर त्याच दिवशी कळवा.

कारखान्याच्या वजनकाट्यावर तीन गोष्टी बघा. गाडी चढण्याआधी आकडा शून्य दाखवतो का. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत का. आणि रिकाम्या गाडीचं वजन त्याच खेपेचं घेतलं का. जुनं नोंदवलेलं वजन मान्य करू नका, चिखल-दोरखंडाने ते बदलतं. ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली उतरलेला असावा. शंका असेल तर वाटेत बाहेरच्या प्रमाणित काट्यावर भरलेली गाडी मोजून पावती जपून ठेवा. थोडा फरक चालतो; दर खेपेला एकाच बाजूला पडणारा फरक चालत नाही. काट्यावर वैधमापन विभागाची चालू वर्षाची पडताळणी हवी.

आता बिल. २०२५-२६ साठी एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला किमान ऊसदर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा ११.२५ धरला तर ३५५ + ३४.६० = ३८९.६०, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा ती ९०० असेल तर हातात २,९९६. कोणत्या हंगामाचा उतारा धरलाय आणि तोडणी-वाहतूक किती लावलीय, हे दोन आकडे लेखी मागा. बिलाचा घोळ बहुतेक वेळा इथेच असतो.

ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो. थकलं तर पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलात साखर आयुक्तांकडे अर्ज करा. आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र काढू शकतात. त्यावरून जिल्हाधिकारी कारखान्याच्या मालमत्तेतून वसुली करतात. अर्जाला नोंदणी पावती, प्रत्येक खेपेची काटा पावती आणि बँक खात्याचा उतारा जोडा. काटा पावत्यांचा कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही महिन्यांत पांढरा पडतो, म्हणून घरी आल्या आल्या झेरॉक्स काढा.