पावसाळ्यात सापाच्या पेटीत पाणी फवारू नका

पाळीव परदेशी सापांपैकी कॉर्न स्नेकला पेटीत साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता पुरते, बॉल पायथनला 60 ते 80. (धामण, अजगर असले आपल्याकडचे साप पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे; इथला सल्ला नोंदणी केलेल्या परदेशी सापांपुरताच.) रत्नागिरी-मालवणात जून ते सप्टेंबर घरातली हवाच याच्या वर जाते. तेव्हा पेटीची जाळी मोकळी ठेवा, पाण्याचं भांडं लहान घ्या, ते हीटरच्या गरम बाजूला नको. थर्मोस्टॅट लावलेला हीटर सुरू असला की त्या बाजूची आर्द्रता आपोआप उतरते. पेटीत अंथरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरचा थर कोरडाच हवा, पोटाखाली सतत ओल राहिली तर खवले कुजतात. नाकाशी बुडबुडे किंवा तोंड उघडून श्वास दिसला की पशुवैद्य गाठा.

एसीच्या खोलीचं गणित उलटं. तिथे ऐन मे महिन्यातही कात तुकड्यांनी निघते, डोळ्यावरचा पापुद्रा अडकतो. तो ओढायचा नाही. झाकणाच्या डब्याला साप शिरेल एवढं भोक पाडून आत पिळलेलं ओलसर शेवाळ (मॉस) भरा आणि डबा पेटीत ठेवा. गरज वाटली की साप स्वतःच आत शिरतो. शेवाळाला वास आला की लगेच बदला.