परसातल्या मातीत चमकलं म्हणजे सोनंच?

पावसाळा सरला की गोव्यात डिचोली-सत्तरीकडे माड-पोफळींच्या बुडाशी खणताना मातीत काहीतरी चमकतं आणि जीव हरखतो. बहुतेक वेळा ते अभ्रक असतं. ओळखायची सोपी खूण: कण सावलीत न्या. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं, अभ्रक मात्र उन्हाचा कोन बदलला की विझतं. मग सुईचं टोक दाबा. सोनं चेपतं, त्याला खळगा पडतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात आणि पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाचा, भुगा होतो. पायराइट टाइल्सच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासलं तर काळपट रेघ उमटते, सोन्याची पिवळीच.

वेगळं करायचं तर माती चाळून रुंद परातीत घ्या, बादलीभर पाण्यात बुडवून गोल हलवा आणि वरचा गाळ हळूहळू सांडू द्या. घाई केली की सगळंच वाहून जातं! सोन्याची घनता सुमारे 19.3 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, वाळूची 2.65, म्हणून सोनं तळाला बसतं. आपल्याकडे लोहखनिज भरपूर, तेव्हा तळाला काळी-तांबूस रेतीही उरणारच. ती सुकवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, मॅग्नेटाइट हे काळं लोहखनिज चिकटून येईल. हेमटाइट हे तांबूस लोहखनिज मात्र फारसं चिकटत नाही, ते परातीतच पुन्हा निवडावं लागतं.

पारा किंवा ॲसिड घरी अजिबात नको, पाऱ्याची वाफ विषारी असते. उरलेला कण सोनाराकडे कसोटीला न्या. नाणं किंवा दागिना सापडला, तर मात्र धुऊ-घासू नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.