कुशीवर झोपणाऱ्यांसाठी उशी कशी बेतावी

सकाळी मान धरली की आपण उशी मऊ आहे की कडक हे चाचपतो. कुशीवर झोपणाऱ्याने आधी उंची पाहायला हवी. या स्थितीत खांद्याच्या रुंदीमुळे डोके आणि गादी यांत मोठी पोकळी राहते. ती नीट भरली नाही, तर मान रात्रभर एका बाजूला वाकून राहते.

उंची आपल्याच अंगावर मोजा. भिंतीला एक खांदा टेकवून ताठ उभे राहा, नजर समोर ठेवा. भिंतीपासून कानापर्यंत आणि भिंतीपासून मानेपर्यंत अशी दोन अंतरे कुणाकडून तरी मोजून घ्या. मान डोक्यापेक्षा बारीक असल्याने दुसरे अंतर जास्त भरेल. समजा, ती 13 आणि 15 सेंमी आली आणि खांदा गादीत साधारण 3 सेंमी रुततो, तर डोक्याखाली 10 आणि मानेखाली 12 सेंमी उंची हवी. गादी कडक असेल तर वजावट कमी करा. ही उंची डोके टेकून उशी दबल्यानंतरची आहे, म्हणून भरताना ती थोडी फुगीरच ठेवायची.

आता खोळ. साधारण 60 बाय 40 सेंमीची खोळ पुरते. तिचे लांबीच्या दिशेने दोन कप्पे करा: खांद्याकडचा 12 सेंमी रुंद, मानेसाठी; उरलेला डोक्यासाठी. इथे घाई करू नका. वरचे आणि खालचे कापड थेट एकमेकांना शिवले, तर नेमक्या त्या रेषेत उशी चपटी होते. दोन्हींच्या मध्ये 10-11 सेंमी उंचीची उभी कापडी पट्टी शिवा. प्रत्येक कप्प्याला वेगळी चेन लावा; पुढची सगळी दुरुस्ती तिथूनच होणार आहे.

भरायला मी फोमचे तुकडे सुचवेन, कारण ते मूठभर काढता-घालता येतात. कापूस दबून त्याच्या गुठळ्या होतात. मेमरी फोमचा अखंड ठोकळा आरामदायी असतो, पण उंची चुकली की बदलता येत नाही. मानेचा कप्पा घट्ट भरा, डोक्याचा सैलसर.

मग आपल्याच गादीवर पंधरा-वीस मिनिटे पडून पाहा. खांदा उशीवर चढवू नका, तो गादीवरच असू द्या. मागून फोटो काढायला सांगा. डोके आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसले पाहिजेत. डोके गादीकडे झुकले तर भर वाढवा, वर उचलले गेले तर कमी करा. एका वेळी एकच मूठ, आणि मधे एक रात्र जाऊ द्या.

गुडघ्यांच्या मध्ये एक पातळ उशी घेतली तर वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळवटत नाही. मानेपासून हातात कळ जात असेल किंवा मुंग्या थांबत नसतील, तर उशीत फेरफार करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.