एक्सलचं काम: कंपनीचं काय घ्यायचं, बाहेरचं काय चालतं

‘मेस्त, ओरिजिनल घालूया की बाहेरचा?’ गोव्यात म्हापशाला माझ्या गॅरेजात येणारा स्पोर्ट्स कारवाला गाडी लिफ्टवर चढायच्या आधीच हे विचारतो. माझं उत्तर ठरलेलं: पात्रांव, आधी काय गेलंय ते बघूया.

गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा एक्सल म्हणजे काही एकच पार्ट नव्हे. मधला शाफ्ट म्हणजे दांडा, दोन्ही टोकांचे सीव्ही जॉइंट (चाक हललं-वळलं तरी ताकद पोचवणारे सांधे), त्यांवरचे रबरी बूट म्हणजे घड्यांची टोपणं, क्लिपा, ग्रीस, हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट, शिवाय शेजारचं बेअरिंग. शाफ्ट सहसा जातच नाही. आधी फाटतो बूट. मग ग्रीस बाहेर फेकलं जातं, आपली तांबडी माती आणि पावसाचं पाणी आत शिरतं, आणि जॉइंटमध्ये पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. पोर्शे बॉक्सस्टरसारख्या गाडीत इंजिन सीटच्या मागे असतं, तिथे गिअरबॉक्सकडचे आतले बूट एक्झॉस्टच्या उष्णतेनेही कडक होऊन चिरतात. वरवर बघून हे कळत नाही. घड्या बोटांनी फाकवून खाचेत टॉर्च मारायची, चीर तिथे असते. रिमच्या आतल्या बाजूला काळे फराटे दिसले तर बाहेरचा बूट गेलाच म्हणून समजा.

मग ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. मऊ लागलं आणि आवाज नव्हता, तर जॉइंट खोलून, धुऊन, गोळ्या आणि त्यांच्या खोबणी बघायच्या. चकचकीत असतील तर नवा बूट आणि नवं ग्रीस एवढ्यावर काम भागतं. रेती लागली, खोबणीत खड्डे दिसले किंवा लोखंड निळसर पडलं असेल, तर तो जॉइंट बदला. अख्खा एक्सल बदलायची गरज तरीही क्वचितच.

गिऱ्हाईक फसतं ते इथेच. बाजारात अख्खा एक्सल कधी कधी कंपनीच्या एका जॉइंटपेक्षा स्वस्त मिळतो, वर ‘नवाकोरा’ म्हणून. दिल्लीहून आलेली एक चंदेरी टू-सीटर माझ्याकडे असाच एक्सल बसवून आली होती. साठपर्यंत गप्प, ऐंशीच्या पुढे फ्लोअर थरथरायचा. कंपनीच्या शाफ्टवर मधोमध थरथर मारणारा वजनाचा डॅम्पर होता, नव्यावर तो नव्हताच. जुना शाफ्ट? भंगारात. स्पोर्ट्स कारच्या एक्सलवर ताकद जास्त येते आणि वेगही जास्त, त्यामुळे साध्या हॅचबॅकमध्ये खपून जाणारा फरक इथे सीटखाली जाणवतो. म्हणून माझं धोरण असं, की कंपनीचा शाफ्ट शक्य तोवर सोडायचा नाही.

बाहेरचा माल मी सर्रास वापरतो, पण कुणाचा ते बघून. बऱ्याच युरोपियन गाड्यांचे एक्सल आणि जॉइंट जीकेएनसारखी कंपनी बनवते आणि लोब्रो नावाने तेच काम बाजारातही विकते. बेअरिंगचं तसंच, एसकेएफ किंवा एफएजीचा खरा माल असेल तर गाडीच्या कंपनीच्या डब्यासाठी जादा पैसे मोजू नका. ‘खरा’ हे महत्त्वाचं. बेअरिंगवरचा नंबर कोरलेला असावा, नुसता छापलेला नको, आणि जुन्या पार्टवरच्या नंबराशी जुळवूनच पैसे द्या. एबीएससाठी (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बेअरिंगवर चुंबकी रिंग असेल तर ती बाजू सेन्सरकडेच बसली पाहिजे, उलटं बसवलं की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो आणि बेअरिंग पुन्हा काढावं लागतं.

बूट घेताना चिकटवायचे, कापलेले बूट घेऊ नका. एक्सल न काढता बसतात म्हणून फिटरला आवडतात, आपल्या पावसात टिकत नाहीत. किटमधलंच ग्रीस घाला, साधं चाकांचं बेअरिंग ग्रीस नको. गोळ्यांचा जॉइंट आणि तीन रोलरांचा ट्रायपॉड यांना ग्रीसही वेगळं लागतं.

हबचा नट आणि एक्सल गिअरबॉक्सला जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट मात्र कंपनीचेच, तेही नवे. बरेचसे एकदाच वापरायचे असतात. पहिल्या पिढीच्या (९८६) बॉक्सस्टरच्या मागच्या नटाला ४६० न्यूटन-मीटर इतका जोर लागतो. इम्पॅक्ट गनने ‘बसला’ म्हणणाऱ्याकडे टॉर्क रेंच (ठरल्या जोराने आवळणारा पाना) आहे का, ते आधी विचारा. नट पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टाकू नका, बेअरिंग तिथेच बिघडतं. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच डोक्यात घेऊ नका, सरळ शोरूमला द्या.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी एक. मोरजी-कळंगुटकडच्या गाड्यांत हबमधले स्प्लाइन (शाफ्ट ज्यात घट्ट बसतो त्या उभ्या खाचा) गंजून एक्सल अडकतो. कुणी हातोड्याने ठोकायला लागला तर थांबवा, शाफ्टच्या टोकाचे आटे चेपतात आणि आपण वाचवायला निघालेला ओरिजिनल तिथेच जातो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मारून ठेवायचं, सकाळी पुलर, म्हणजे एक्सल हबमधून दाबून सोडवायचं हत्यार, लावायचा.

आणि अख्खा एक्सल बदलावाच लागला तर जुना गॅरेजात सोडून येऊ नका. डिकीत टाकून घरी न्या. नवा थरथरायला लागला तर त्याच शाफ्टवर नवे जॉइंट चढवता येतील.